मधला काटा

सकाळी सहाला, पूर्णा यार्डात,
मशीनला आधी माहितीतली खोट दाखवायची.
पोलादाची एक वीट, तिच्यात मुद्दाम पाडलेलं भोक,
किती खोल, किती रुंद, सगळं कागदावर.
ते भोक ओळखलं
तरच त्या दिवसापुरता मशीनवर भरवसा.
खाजामियाँ हातोडी खांद्यावर टाकून बघत असतात.
"जवाब बताके सवाल पूछती तू, बेटी."

मग ढकलगाडी रुळावर.
पाण्याचा कॅन, त्यातून रुळाच्या माथ्यावर बारीक धार,
कारण हवेतून हा आवाज लोखंडात शिरत नाही.
केसाएवढी फट राहिली
तरी उंबऱ्यावरूनच माघारी.
पाण्याचं बोट धरलं की जातो आत,
पार तळाला हात लावून येतो.
एप्रिलचा महिना
आणि मी मैलोन्‌मैल रुळाला पाणी पाजत चाललेली.

मिरखेलच्या अलीकडे कॅन कोरडा.
बांधापलीकडच्या हातपंपावर धुरपताबाई,
दोन घागरी भरलेल्या, तिसरी अर्धी,
पंप आता नुसता खोकत होता.
"रुळाला पाणी?"
दोनदा विचारलं त्यांनी.
दुसऱ्यांदा हसल्या नाहीत.
"आमी मडकं घेताना टिचकी मारून घेतो.
बद्द वाजलं की ठिवून देतो खाली.
तुमाला पाणी कशाला लागतं मदी?"
म्हटलं, मावशी, हा आवाज माणसाला ऐकू येत नाही.
"मंग कुनाला ऐकू येतो?"

माझ्याकडे उत्तर होतं. डिप्लोम्याच्या दुसऱ्या वर्षातलं,
आकड्यांसकट.
त्यांनी तोवर अर्धी घागर कॅनवर तिरपी केली होती.
एक थेंब बाहेर सांडला नाही,
मी धरलं असतं तर सांडला असता.

पुढे चौदाव्या खांबापाशी
पडद्यावर डावीकडे रुळाचा माथा, उजवीकडे तळ,
दोन उभे सुळके, मधे सपाट माळ.
त्या माळावर काटा उगवला.
गाडी मागे घेतली, गेला.
पुढे घेतली, परत तिथेच.
पदराने पडदा पुसला, उन्हाला पाठ केली,
तरी तिथेच.

खाजामियाँ उकिडवे बसले. चष्मा काढला,
ऐकायला चष्मा लागत नाही म्हणतात.
हातोडी मारली.
रूळ खण्ण वाजला, नव्या परातीसारखा.
"बत्तीस साल से चलरा मैं इसपे.
मेरे से झूट नै बोलती ये पटरी."
मी म्हटलं, अजून एकदा मारा.
खण्ण.
खरं सांगते, त्यांचं खरं निघावं असं वाटलं मला.
मागून नांदेडची गाडी यायला चाळीस मिनिटं होती.

लाल रंगाच्या तीन फुल्या मारल्या.
रंग ताजा, बोटाला लागला.
गाडीला हळू जायला लावलं, बैलगाडीहून जरा जोरात,
खिडकीतली माणसं वैतागून बाहेर डोकावली,
एकाने तर मलाच विचारलं, काय झालं हो?
अजून काही नाही, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी गँगने तो तुकडा कापून काढला,
नवा जोडला.
जुना यार्डात, कडुनिंबाखाली.
फोडून कुणी बघितला नाही, फोडायचा नियम नाही.
अहवालात खोटेची खोली आहे, लांबी आहे,
पाणी कुठून आणलं त्याला रकाना नाही.

दुपारी मी त्याच तुकड्यावर बसून डबा खाते.
जाता-येता खाजामियाँ त्याला एक हातोडी मारतात.
मी पाय वर घेते.
अजून खण्णच वाजतो.
ते थांबतात, मान कलती करून
आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकतात,
मग काही न बोलता
माझ्या डब्यातली एक मिरची उचलतात.